नाराच्या देवळात एक नाव शोधताना

जपानहून परत आल्यापासून भेटेल तो मला दोनच गोष्टी विचारतो: फुलं पाहिली का, आणि खायचे हाल झाले का. फुलं पाहिली, पोट भरेस्तोवर पाहिली. खायचे हाल मुळीच झाले नाहीत. उलट आमच्या सहल कंपनीने इतके लाड केले की आम्ही जपानमध्ये जपानी काय खाल्लं, हे आठवावं लागतं. मी ज्यासाठी गेले होते ते मात्र कोणी विचारत नाही, कारण मी ते कोणाला सांगितलंच नव्हतं. ते आता लिहिते.

माझं माहेर पंचवटीतलं, तीर्थोपाध्यायांचं. गावोगावचे यजमान रामकुंडावर विधीला आले की आमच्या घरी त्यांच्या गावाची वही निघते. त्यांच्या आजाने, पणजाने लिहिलेला मजकूर त्यांना दाखवायचा आणि त्याखाली आलेल्या माणसाने आपल्या हाताने घरातल्या सगळ्यांची नावं लिहून सही करायची, असा शिरस्ता आहे. दुसऱ्याच्या हातचं चालत नाही. माझा थोरला भाऊ दादा आज सत्तरीतही त्या वह्या सांभाळतो आणि जुनं अक्षर पाहून माणूस ओळखतो. धाकटा रंगा मात्र यंत्रांच्या नादाचा. तो अंबडच्या एका कारखान्यातून जपानला गेला आणि तिथेच राहिला.

बाबा गेले तेव्हा रंगाला तेरावा झाल्यावर कळवायचं, असं दादाने ठरवलं. नवी नोकरी आहे, लांबचं तिकीट, उगाच धावपळ नको, असं त्याचं म्हणणं. लोकांच्या मुलांसाठी विधी थांबवून धरणारं आमचं घर आपल्या मुलासाठी थांबलं नाही, हे मला तेव्हाही खुपलं होतं. पण मी गप्प बसले. कळल्यावर रंगाचा एक फोन आला. "बरं," एवढंच म्हणाला आणि ठेवून दिला. मग काही महिन्यांनी नारा नावाच्या गावातल्या एका देवळाचं चित्र असलेलं कार्ड मला आलं. मागे त्याचं बारीक, डावीकडे झुकलेलं अक्षर: "ताई, इथे आपल्या घरातली नावं लिहिली. बाबांचं, आईचं, तुझं, माझं. दादाचं लिहायला घेतलं, पण हात चालला नाही. पुन्हा येईन तेव्हा लिहीन."

त्याला सोळा वर्षं झाली. नंबर बंद, कंपनी बदललेली, वकिलातीला पाठवलेल्या अर्जांना गोड उत्तरं. माणसाचा बारा वर्षं पत्ता नसला तर पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याचं सगळं करून टाकायचं, असं शास्त्र आहे. दादाने हे परक्यांना किती वेळा सांगितलं असेल याची गणती नाही. या संक्रांतीला तो मला म्हणाला, "सुधे, यंदा पितृपक्षाआधी रंगाचं उरकून घेऊ. माझ्यामागे कोण करणार?" मी म्हटलं, "मी जपानला जाऊन येते. तोवर थांब."

कार्डातली दादाबद्दलची ओळ मी त्याला कधीच दाखवली नव्हती. घरची नावं लिहिली आहेत, एवढंच सांगितलं होतं. माझा हिशेब सरळ होता. रंगा त्या देवळात पुन्हा गेला असेल, तर दादाचं नाव तिथे त्याच्या अक्षरात असेल. ते दिसलं की तो नंतरही होता हे कळेल, आणि त्याचा राग उतरला होता हेही कळेल. एकटीने जायची छाती नव्हती. आमच्या ह्यांना विमानाची भीती, त्यामुळे त्यांनी माझ्या सामानात पापडाचा डबा भरून देण्यापर्यंतच साथ दिली. मग ज्या सहलीच्या पत्रिकेत त्याच देवळाचा फोटो होता, ती सर्वांत महागडी सहल मी घेतली. निवृत्त शिक्षिकेला हे परवडतं का, असं सूनबाईच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. मी ते वाचलं नाही.

टोकियो

आम्ही तीस जण. सहलीची व्यवस्थापक प्रणाली, नाशिकरोडची, हातात नारिंगी झेंडा आणि तोंडात "चला काका, चला काकू." खोलीत माझी जोडीदार सुमनताई, विंचूरच्या. घरची कांद्याची शेती, शिवाय कांद्याची आडत. आयुष्यात पहिल्यांदा नवऱ्याशिवाय बाहेर पडलेल्या. पहिल्याच सकाळी संडासातून त्यांची आरोळी आली. आत गेले तर त्या भिंतीला चिकटून उभ्या आणि भांड्यातून कारंजं चाललेलं. "ताई, म्या नुसतं बटण दाबलं वो! हे तं अंगावरच आलं!" ते बंद कुठून होतं हे मलाही कळेना. शेवटी झाकण लावून आम्ही दोघी बाहेर पडलो.

आमच्यासोबत एक जपानी मार्गदर्शक होत्या, हामादा-सान, म्हणजे आपल्या भाषेत हामादाबाई. साठीच्या, बारीक, पांढरी टोपी. त्या विद्यापीठात हिंदी शिकलेल्या, आणि तीही अशी की आमच्यातल्या कोणालाच तेवढी येत नव्हती. पहिल्याच देवळाच्या पायरीशी त्या म्हणाल्या, "कृपया अपनी पादुकाएँ यहाँ उतारिए." एवढा मान आमच्या चपलांना कोणी दिलेला नव्हता. सगळे निमूट रांगेत उभे राहिले.

टोकियोतल्या मोठ्या देवळात नशीब काढून बघायची सोय आहे. डबा हलवायचा, काडी निघते, काडीवरच्या आकड्याचा खण उघडून कागद घ्यायचा. सुमनताईंना वाईट निघालं. त्यांचा चेहरा उतरला. हामादा-सान म्हणाल्या, काळजी नको, वाईट कागद इथल्या तारेला बांधून निघून जायचं, तो इथेच राहतो. सुमनताईंनी करकचून गाठ मारली आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आमच्याकडं शांती करा म्हनत्यात, दिवसभर बसवत्यात. हितं गाठ मारली का झालं! तुमच्या भावाला सांगा." मला हसू फुटलं, कारण त्यांना दादाबद्दल मीच आदल्या रात्री सांगितलं होतं. रंगाबद्दल सांगितलं नव्हतं.

जेवायला रोज भारतीय हॉटेल. पनीर, डाळ, जिरा राईस, वर गुलाबजाम. एका दुपारी तेवढी जपानी जेवणाची ताटं आली, त्यात बशीभर तळलेला कांदा. सुमनताईंनी तो तोंडात टाकला, डोळे मिटून चावला आणि निकाल दिला: "गोड हाय. डोळ्यात पानी नाय आलं. ह्यो कांदा मार्केटला नेला तं व्यापारी हात बी लावनार नाय." मी भात खात होते. जपानी भात आपल्यासारखा मोकळा होत नाही, चिकटतो. रंगाला गरगट्ट भात आवडायचा, आई त्याच्यासाठी वेगळा काढायची. तो इथे भातासाठी तरी सुखी असेल, असं वाटलं.

खरं सांगते, त्या शहरात मी बघायचं ते सोडून माणसंच बघत होते. सावळा चेहरा दिसला की मान वळायची. हामादा-सान सम्राटांच्या राजवाड्याची तटबंदी समजावून सांगत असायच्या, कानात लावलेल्या यंत्रातून त्यांची शुद्ध हिंदी येत असायची, आणि मी समोरच्या बसथांब्यावरची रांग मोजत असायचे. रंगा आता पन्नाशी ओलांडलेला असणार. माझ्या डोळ्यांपुढे मात्र पस्तिशीचाच येतो, केसांचा तुरा वर उभा असलेला.

क्योटो

क्योटोत आमचा चहाचा विधी झाला. चटईवर गुडघे मोडून बसायचं होतं. माझे गुडघे ऐकेनात म्हणून मला एक बुटकी खुर्ची दिली, तर सगळ्या काकूंचे डोळे त्या खुर्चीवर. आधी गोड वडी, मग हिरवागार कडू चहा. वाडगा दोनदा फिरवून, त्याची चांगली बाजू समोरच्याकडे करून प्यायचा. अर्धा तास कोणी बोललं नाही. चहा करणाऱ्या बाईंनी फडक्याची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. सोवळ्यातलं काम असंच चालतं, हे मी लहानपणापासून पाहिलेलं. आमच्याकडे फक्त मध्ये मध्ये "शिवू नकोस" अशी ओरड असते, ती इथे नव्हती.

दुसऱ्या दिवशी रेल्वे स्टेशनात मी हरवले. हरवले म्हणजे आपणहून गेले. सरकत्या जिन्याशी एक माणूस पाठमोरा दिसला. डावा खांदा किंचित खाली, पाऊल टाकताना टाच आधी. रंगा अगदी असाच चालायचा. मी झेंडा सोडला आणि त्याच्यामागे निघाले. दोन जिने, एक लांबलचक दुकानांची गल्ली. "रंगा" अशी हाक मारली. एकदा हळू, मग मोठ्याने. जपानात मोठ्याने कोणी बोलत नाही, त्यामुळे गल्लीतले सगळे थांबले. तोही थांबला.

कोईमतूरचा निघाला. यंत्रमागाच्या कामासाठी आलेला, चाळिशीचा, चांगला माणूस. माझा चेहरा बघून त्याने मला आधी पाणी दिलं, मग माझ्या गळ्यातल्या ओळखपत्रावरच्या नंबरावर प्रणालीला फोन लावला आणि झेंड्यापर्यंत सोडायला आला. प्रणाली रडायच्या बेतात होती. "काकू, तुम्ही शिक्षिका ना! तुम्हीच असं केलंत तर?" सगळा गट माझ्यामुळे अर्धा तास ताटकळला होता. मी सगळ्यांची माफी मागितली.

त्या संध्याकाळी खोलीत सुमनताईंनी शेंगदाण्याची चटणी आणि भाकरीचे तुकडे पुढे केले आणि म्हणाल्या, "आता सांगा. कोनाला हुडकायला आलाय तुमी?" मी सांगितलं. कार्डही दाखवलं. त्यांनी दादाची ओळ बोट लावून वाचली. "लय ताप हाय वो ह्या ओळीत," त्या म्हणाल्या. मग बराच वेळ माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

नारा

नारात हरणं मोकळी फिरतात. देवाची म्हणून त्यांना कोणी हात लावत नाही, आणि ती त्याचा पुरेपूर फायदा घेतात. त्यांना घालायच्या बिस्किटांचा पुडा घेतला की वाकून नमस्कार करतात आणि पुडा संपला की ढुशी देतात. एका हरणाने आमच्या सहलीची पत्रिका एका काकांच्या खिशातून ओढून अर्धी खाल्ली. सगळे हसत होते. माझं लक्ष झाडांमागच्या राखाडी छपराकडे होतं. कार्डावरचं छप्पर तेच होतं. प्रणालीने जाहीर केलं, "चाळीस मिनिटं. मग बस सुटणार."

मुख्य देवळाशेजारी एक खिडकी होती. तिच्यासमोर रांग, आणि रांगेतल्या प्रत्येकाच्या हातात एक घडीची वही. खिडकीत काळ्या वस्त्रातला एक वयस्कर भिक्षू बसून एकेकाची वही उघडून कुंचल्याने लिहीत होता. हे तर आमचंच! यजमान, वही, उपाध्ये. दुसरं काही असेल असं माझ्या मनातही आलं नाही. मी रांगेत उभी राहिले.

नंबर आला तशी मी कार्ड पुढे केलं, त्यावरचं अक्षर दाखवलं आणि हिंदीत, मराठीत, हातवारे करून सांगितलं की या घराचा लेख काढून द्या. भिक्षूने कार्ड पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि हसून मान डोलावली. एक कोरा कागद घेतला, कुंचला शाईत बुडवला आणि मन लावून लिहायला लागला. मोठी काळी अक्षरं, बाजूला बारीक ओळ, त्यावर लाल शिक्का. जुन्या वहीतला मजकूर यजमानाला हवा असला की दादा तो असाच कागदावर उतरवून देतो. मला वाटलं, सापडलं. सोळा वर्षांनी सापडलं. मी तिथेच हात जोडले आणि रडायला लागले. भिक्षू गडबडला. रांगेतल्या एका बाईंनी मला रुमाल दिला.

हामादा-सान धावत आल्या. मी कागद त्यांच्या हातात दिला, म्हटलं, वाचा, कोणाकोणाची नावं आहेत? त्यांनी तो वाचला. मग अगदी हळू म्हणाल्या, "इसमें इस देवता का नाम है, और आज की तारीख." देवदर्शनाची आठवण म्हणून तसा कागद सगळेच घेतात. मी ओट्यावर बसले.

कार्ड माझ्या भावाने पाठवलंय, हे मी सांगितलं, तसं त्यांनी ते मागितलं. उलटसुलट पाहिलं. कडेला जपानीत एक ओळ छापलेली होती. सोळा वर्षांत ती ओळ मी कोणाकडून वाचून घेतली नव्हती, नक्षी असेल असं धरून चालले होते. त्यांनी वाचलं: कौल अर्पण केल्याबद्दल आभार. मग भिक्षूला विचारलं आणि मला समजावलं. त्या वेळी मोठ्या देवळाचं छप्पर नवं होत होतं. भाविक एक कौल अर्पण करायचे, त्याच्या आतल्या बाजूला कुंचल्याने नावं लिहायचे, आणि ते कौल वर चढायचं. तुमच्या भावाने लिहिलेलं कौल वर आहे.

"कुठलं?" मी विचारलं.

भिक्षूने वर हात केला. हजारो कौलं, एकासारखं एक. मजकूर सगळा खाली तोंड करून. नोंदवही? नोंदवही ठेवत नाहीत, लिहिलेलं तेवढं कौलावरच. रंगा पुन्हा आला होता का? भिक्षूला कसं आठवणार, रोज माणसं येतात. मग वाचायला कधी मिळेल? भिक्षूने बोटं मोजली आणि हामादा-सान म्हणाल्या, पुढच्या वेळी छप्पर उतरवतील तेव्हा. शंभर वर्षांनी, कदाचित जास्त.

मी त्या छपराकडे बघत राहिले. माझं नाव तिथे वर होतं, रंगाच्या हाताने लिहिलेलं. आईचं, बाबांचं. आणि एक नाव असेल किंवा नसेल. शिडी मिळाली असती तर बासष्टाव्या वर्षी मी चढले असते, एकेक कौल उलटं केलं असतं. इतका तो मला हवा होता त्या घटकेला. त्याच्याशी भांडायचं होतं, की दादाने नाही कळवलं, पण मीही नाही कळवलं, मग माझं नाव का लिहिलंस?

तेवढ्यात हामादा-सान म्हणाल्या की आता देवळाच्या दरवाज्याच्या छपराचं काम चालू आहे, कौलं घेताहेत. मंडपाखाली नवी राखाडी कौलं रचून ठेवलेली होती, शेजारी शाई आणि कुंचले. घड्याळात पाच मिनिटं उरली होती. प्रणाली झेंडा हलवत होती. सुमनताईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पोट धरून खाली बसल्या. "अगं आई गं! प्रणाली, मला आधी संडासला ने गं बाई! लय कळ मारतीय!" आणि जाता जाता माझ्या कानाशी, "लिवा तुमी. मी येत नाय लवकर." डोकी मोजल्याशिवाय बस सुटत नाही, हे त्यांनी बरोबर हेरलं होतं.

कुंचला मी कधी धरलेला नव्हता. पहिली रेघ फाटली. मी सावकाश लिहिलं. दादाचं पूर्ण नाव, बाबांच्या नावासकट, मुक्काम पंचवटी, नाशिक. एकच नाव. भिक्षूने कौल दोन्ही हातांनी उचलून बाकीच्यांवर ठेवलं. सुमनताई वीस मिनिटांनी संडासातून बाहेर आल्या, चेहऱ्यावर दुखणं कायम ठेवून. बसमध्ये एका काकांनी त्यांना ओव्याची पुडी दिली, ती त्यांनी निमूट खाल्ली.

त्यानंतर ओसाकाचा किल्ला पाहिला, खरेदी झाली, निरोपाच्या जेवणात सगळ्यांनी गाणी म्हटली. फोटोंमध्ये मी हसतेय.

नाशिक

आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दादा घरी आला. पिशवीत पंचांग होतं. ते त्याने काढून टेबलावर ठेवलं, पण उघडलं नाही. चहा झाला. फुलं कशी होती, थंडी होती का, विमानात झोप लागली का. त्याला जे विचारायचं होतं तिथवर यायला त्याने अर्धा तास घेतला.

"सापडलं का गं देऊळ?"

"सापडलं."

मी त्याला छपराचं, रंगाच्या कौलाचं, शंभर वर्षांचं सांगितलं. तो ऐकत होता, पण त्याचे हात पंचांगाच्या कडेवरून फिरत होते. मग खाली बघूनच म्हणाला, "त्यात माझं नाव आहे का?"

इतकी वर्षं मला वाटत होतं की दादाला त्याबद्दल काही वाटत नाही. नियमाने वागला, विषय संपला. तसं नव्हतं. सोळा वर्षं तो हेच विचारायचं टाळत होता, आणि मी ते सांगायचं.

"आहे," मी म्हणाले. "दरवाज्याच्या छपरावर."

त्याने मान वर केली. डोळे भरले होते, पण प्रश्न वहीवाल्याचाच आला. "अक्षर कोणाचं?"

मला खोटं बोलता आलं असतं. दादाला ते पडताळून बघायला शंभर वर्षं जगावं लागलं असतं. पण अक्षराबद्दल त्याच्याशी कोणी खोटं बोलू शकत नाही. मी म्हटलं, "माझं." आणि आत जाऊन कार्ड आणून त्याच्या हातात दिलं.

त्याने ते खिडकीपाशी नेऊन वाचलं. पुन्हा वाचलं. शेवटच्या ओळीवर बोट ठेवून उभा राहिला. पाठमोराच होता, त्यामुळे चेहरा दिसला नाही, खांदे तेवढे दिसले. आत ह्यांनी कुकर लावला होता, त्याच्या दोन शिट्ट्या झाल्या. मग दादाने कार्ड मला परत दिलं आणि टेबलावरचं पंचांग उचलून पिशवीत टाकलं.

"पुन्हा येईन तेव्हा लिहीन, असं म्हणालाय तो," दादा म्हणाला. "त्याचं लिहायचं राहिलंय, सुधे. ज्याचं लिहायचं राहिलंय त्याच्या नावाने मी पाणी कसं सोडू?"